दोन खणांतलं वळण

"सुट्टीच्या दिवशी लोक उशिरापर्यंत लोळतात. आमच्याकडे बाटल्या मांडतात," घड्याळजींची बायको पुटपुटली आणि पार्किंगच्या कडेच्या कठड्यावर रुमाल पसरून बसली.

ऑफिसं बंद होती, त्यामुळे पार्किंग मोकळं होतं. गाड्यांसाठी आखलेले दोन खण सोडून लेकीने पुढच्या पांढऱ्या रेघेवर पाण्याने भरलेल्या बाटल्या ओळीने उभ्या केल्या होत्या. मोटरसायकल त्या ओळीच्या आत वळवायची आणि परत यायचं. पाय न टेकता.

मोटरसायकलवर घड्याळजी होते. हेल्मेटात त्यांचे गाल दाबले गेले होते, त्यामुळे चेहरा रुसल्यासारखा दिसत होता.

"क्लच अर्धाच सोडा, बाबा. मागचा ब्रेक हलकेच दाबून ठेवा, पुढच्याला हात नको," लेक ओरडली. ती पार्सलं पोचवायची. तिचा दिवस गाडीवरच जायचा. "आणि बाटल्यांकडे बघू नका. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते."

"हे जन्मभर पेपरात बघत आलेत. गेले का कुठे?" बायको म्हणाली.

"तू गप गं," घड्याळजी हेल्मेटातून म्हणाले.

गाडी संथपणे वळली, अर्ध्यात डुगडुगली आणि शेवटची बाटली आडवी झाली. घड्याळजी पुन्हा मागे गेले. पुन्हा तीच बाटली.

"केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरता, आणि हे एवढं धूड आवरत नाही?" बायको म्हणाली.

"स्प्रिंगवर कुणी बसलेलं नसतं," घड्याळजी म्हणाले, आणि मग एकदम गाडीच्या आरशात बघू लागले.

घराच्या फाटकापाशी अशाच वळणावर त्यांच्या हातून गाडी कलंडली होती आणि मागे बसलेल्या बायकोचं मनगट मोडलं होतं. घरात सगळ्यांनी मिळून दोष रस्त्यावरच्या वाळूला दिला. प्लॅस्टर निघालं. तेव्हापासून बायको कुठेही जायचं तर बसने जायची. गुडघा दुखतो, गाडीवर बसवत नाही, म्हणायची. घड्याळजी "बरं" म्हणायचे, आणि सुट्टी आली की गाडी घेऊन इथे यायचे.

ते पुन्हा गेले. पुन्हा बाटली पडली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण थांबायचं नाव नाही.

वडील पाठमोरे झाले तशी लेकीने पडलेली बाटली उचलली आणि रेघेच्या जरा पलीकडे ठेवली. मग बाकीच्याही पायाने पलीकडे सरकवल्या. आधी थोड्या. मग, असू दे म्हणून, आणखी थोड्या.

या खेपेला गाडी वळली. एकही बाटली हलली नाही. घड्याळजींनी हेल्मेटची काच वर केली. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"बघितलंस? बघितलंस ना? ये, बस मागे. एकच चक्कर."

"गुडघा..."

"अगदी हळू नेतो."

"बस की, आई," लेक म्हणाली. "केलं ना त्यांनी!"

बायको उठली. रुमाल झटकला, घडी घातली. पण ती गाडीकडे गेली नाही, बाटल्यांकडे गेली. पांढरी रेघ उघडी पडली होती. तिने एक बाटली उचलली, उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार दिला, आणि बाटली रेघेवर आणून ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.

घड्याळजींनी लेकीकडे बघितलं. लेक हातातल्या किल्ल्या मोजत होती.

"एवढ्या जागेत पाण्याचा टँकर वळला असता," बायको म्हणाली.

"अगं आई, त्यांना जरा बरं वाटावं म्हणून..."

"आणि उद्या रस्ता सरकवायला येशील का त्यांच्यामागे?"

घड्याळजींनी इंजिन बंद केलं. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत अचानक फार शांत वाटलं. ते गाडीवरून उतरले, शेवटची बाटली स्वतः उचलून आणली आणि बायकोच्या पायाशी, रेघेवर नीट ठेवली. वाकलेलेच असताना त्यांनी विचारलं, "गुडघा जास्त दुखतोय का?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय," बायको म्हणाली. तिने मनगट पदरात गुंडाळलं. "मला भीती वाटते. तुमच्या मागे बसायची."

घड्याळजी वाकलेलेच राहिले.

"अजून वाटते," ती म्हणाली. "चला, फिरवा परत."