बोरेगोचा खोकला

बोरेगो खोकला आणि कुका आजीने समाधानाने छातीवर क्रुसाची खूण केली.

"बघितलंस?" ती सुनेला म्हणाली. "कालच्यापेक्षा जास्त आहे. उतरतोय पोरीचा दमा त्याच्यात."

यादिराने तव्यावरची तोर्तिया उलटली. टेबलाखाली तो कुत्रा मान पुढे ताणून बदकासारखा आवाज काढत होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून यादिराची मुलगी नाएली बसली होती. तिचा श्वास अगदी स्वच्छ होता. गेल्या हिवाळ्यात हीच मुलगी जिना चढून आली की दारातच बसकण मारायची.

दमेकरी मुलाच्या उशाशी चिवावा झोपवला की दमा कुत्र्यात उतरतो, हे पुएब्ला शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोरेगोची आई चिवावा, बाप पूडल. आईकडून मांजराएवढं अंग घेतलं आणि बापाकडून त्यावर लोकर, म्हणून तर त्याचं नाव बोरेगो, म्हणजे मेंढरू. निम्मा चिवावा असला म्हणून काय झालं, निम्मा दमा तरी जाईल, असा आजीचा हिशेब. नाएलीच्या डॉक्टरांनाही पूडलचं रक्त पटलं होतं. याचे केस गळत नाहीत, त्रास कमी होईल, मात्र रोज विंचरावं लागेल, असं ते म्हणाले. पहिलं आजीने ऐकलं, दुसरं सोडून दिलं. "आजार त्या लोकरीतच अडकून बसलाय. विंचराल तर घरभर उडेल," असं म्हणून तिने कंगवा कपाटावर टाकला. लोकरीच्या गाठी झाल्या, गाठींचं जाड घोंगडं झालं, आणि कुत्र्याची मान कुठे संपते ते दिसेनासं झालं.

एकच गोष्ट आजीला खुपत होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिने नाएलीच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेला हरणाचा डोळा बांधला होता. नावाला डोळा, असते ती एक तपकिरी बी, पण तिच्यापुढे कुणाची दृष्ट की कुणाचं दुखणं, काही चालत नाही. पिल्लू घरी आलं त्याच सुमारास तो शाळेत हरवला म्हणून नाएलीने सांगितलं. आजीने सगळ्या शाळेला चोर ठरवलं. पण मुलगी बरी होत गेली आणि आजी तेही विसरली. थंडी सरली होती, खोलीची ओली भिंत वाळली होती, पण भिंतीला श्रेय कोण देतो?

यादिराचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. निदान ती स्वतःला तसं सांगायची. पण तिने पोरीचे निळे पडलेले ओठ पाहिले होते, आणि त्या आठवणीपुढे शहाणपण टिकत नाही. कुत्र्याला दाखवून आणावं असं तिला रोज वाटायचं आणि रोज तिचा पाय अडायचा. हा बरा झाला आणि दमा परत फिरला तर?

त्या सकाळी बोरेगोने तोर्तियाच्या तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची जीभ जांभळट दिसत होती. नाएली टेबलाखालून बाहेर आली.

"आई, याला डॉक्टरकडे ने."

"गप्प बस," आजी म्हणाली. "तो बरा झाला तर तुझं दुखणं तुलाच परत मिळेल. हवंय?"

"हो. माझंच आहे ते," नाएली म्हणाली. "मला परत द्या."

यादिराने गॅस बंद केला. कुत्र्याला शालीत गुंडाळलं आणि ती जिना उतरली. मागून नाएली धावली, तिच्या मागून पुटपुटत आजी. वाटेत यादिरा एकदा कुत्र्याच्या जिभेकडे बघायची, एकदा मुलीच्या ओठांकडे. धावून धावून पोरीला धाप लागली होती. ही धावण्याची धाप की ती? तिने खिसा चाचपला. नाएलीचा दम्याचा पंप घरीच राहिला होता.

जनावरांच्या डॉक्टरांचं नाव एफ्राइन. शाल उघडताच ते वैतागले. "बाई, हा कुत्रा आहे की पायपुसणं?" त्यांनी हनुवटीखाली बोट लावलं आणि बोरेगो किंचाळला. त्यांनी लगेच केस कापायचं मशीन सुरू केलं.

मानेवरची लोकर अख्खी सोलून निघाली. तिच्याखाली एक लाल दोरा होता, कातडीत रुतलेला. त्यात एक तपकिरी बी अडकली होती. डॉक्टरांनी जपून कात्री घातली. दोरा तुटला आणि बोरेगोने छाती भरून श्वास घेतला.

"दमाबिमा काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पिल्लू असताना कुणीतरी हे बांधलं. पिल्लू वाढलं, दोरा कुठून वाढणार? या जातीची श्वासनळी मुळातच नाजूक. पट्टासुद्धा गळ्याला नाही, छातीला बांधतात. रोज कंगवा फिरवला असतात तर पहिल्याच आठवड्यात हाताला लागलं असतं. आणखी थोडे दिवस गेले असते, तर गेलाच होता हा."

यादिरा सासूकडे वळली. तिचा आवाज चिरकला. "आई, हे तुम्ही केलंत?"

कुका आजी त्या बीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"गाठ माझी नाही," ती म्हणाली. "बी माझी आहे."

दोघींनी एकदमच नाएलीकडे पाहिलं. ती कुत्र्याच्या मानेवरचा लालभडक वण पाहत रडत होती.

"तूच म्हणाली होतीस ना आजी, हा गळ्यात असला की कुणाचं काही लागत नाही? माझं त्याला लागू नये म्हणून मी बांधला."