हिरवी खूण

बावीस वर्षं सुपरवायझरांची एकच रीत होती. तपासणीच्या कागदावर आधी सही ठोकायची आणि मग जाऊन स्लॅबखालचे लोखंडी टेके बघायचे. तो कागद हाती आल्यावरच वर काँक्रीट ओतायला घेत; पण कागद वरच्या मजल्यावर पोचायला तासभर लागायचा, तेवढ्यात त्यांची खरी तपासणी उरकलेली असायची. इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

या सोमवारपासून कंपनीचे सगळे कागद क्लाउडवर गेले. सुपरवायझरांनी सवयीने मोबाइलवर ‘तपासले’वर बोट ठेवलं, हिरवी खूण उमटली. मग चहा संपवून, दोन सुतारांना घेऊन ते सहाव्या मजल्यावर आले. वरून येणारी घरघर त्यांना रोजचीच वाटली.

तिसरा टेका त्यांच्या हातात गरकन फिरला. चौथाही फिरला.

“अहो, हे आवळलेच नाहीत कुणी! नुसते उभे करून ठेवलेत,” एक सुतार म्हणाला.

तेवढ्यात सुपरवायझरांच्या बाहीवर सिमेंटचं करडं पाणी टपकलं. “पळा, आधी बाहेर पळा!” ते सुतारांवर ओरडले. स्वतः मात्र ते टेक्यापाशीच थांबले. तिथूनच त्यांनी वर काँक्रीटच्या पंपवाल्याला फोन लावला. ते काही बोलायच्या आत तिकडून खुशीतला आवाज आला,

“साहेब, तुमची खूण दिसली तसं लगेच ओतायला घेतलं बघा! निम्मा स्लॅब झालासुद्धा. खाली कुणी नाही ना?”