न पिलेला बाप

व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक जयमालाताई तिथं उपचाराला आलेल्या मोझेसला सारखं विचारायच्या, "दारू एवढी गोड का लागली रे तुला?"

"साखर कारखान्याच्या गावचा हाय मी, गोडच लागनार," असं म्हणून तो त्यांनाच हसवायचा. एके दिवशी मात्र बोलून गेला, "ताई, माझा बाप शुद्धीत असला की पट्ट्यानं मारायचा. पिऊन आला की मांडीवर घ्यायचा, मुके घ्यायचा. मी रोज प्रभूकडं मागायचो, आज बापाला पिऊ दे."

त्या रविवारी चर्च सुटल्यावर त्याची बायको मरिया लेकीला घेऊन देवळालीहून भेटायला आली. सहा वर्षांची एंजल पळत आली आणि बापापासून हातभर अंतरावर थबकली. नाक पुढं करून तिनं वास घेतला.

"पप्पा, तुमी पिला न्हाई?"

"न्हाई गं माझी बाय. आता कधीच न्हाई." आता पोर गळ्यात पडेल म्हणून मोझेसनं हात पसरले.

थप्पड चुकवावी तसे एंजलनं दोन्ही तळव्यांनी गाल झाकले आणि ती आईच्या मागं जाऊन उभी राहिली.

मोझेसचे हात तसेच राहिले. तो शेजारी उभ्या जयमालाताईंना म्हणाला, "ताई, न पिता लेकराला जवळ कसं घेत्यात, तेवढं शिकवा."