लोगोतली बाई

“बाई कुठे गेली?” चेअरमन ॲन्सेल्म स्क्रीनवर बोट आपटत ओरडले. “सेलिन, अगं आपल्या संस्थेची बाई कुठे गेली?”

सेलिनने दात आवळले. महिनाभर हा माणूस तिचं डोकं खात होता. गिरीज गावच्या भाजी-केळी उत्पादक संस्थेला त्या साली कॉम्प्युटरची हौस आली, आणि गावात कॉम्प्युटर क्लास चालवणारी ती एकटीच, म्हणून सभासदांच्या नोंदीचं काम तिच्या गळ्यात पडलं. काम तिने चोख केलं. पण चेअरमनना नोंदींशी काय देणंघेणं! त्यांचा जीव अडकला होता लोगोत. स्क्रीनवरचा नोंदीचा फॉर्म हिरवा, त्यावर लोगो, आणि लोगोभोवती पांढरा चौकोन. “ठिगळ लावल्यासारखं दिसतं गं. उद्घाटनाला फादर येणार, ते काय म्हणतील?” झालं! आधी डावीकडे घे, मग लहान कर, मग चौकोनच काढून टाक.

आज तिने सॉफ्टवेअरला सांगितलं, पांढरा रंग दाखवूच नकोस. चौकोन गेला. पण त्या मुक्या यंत्राला काय कळणार, कुठला पांढरा कागदाचा आणि कुठला लुगड्याचा? चित्रात डोक्यावर टोपली घेतलेली बाई होती, आणि पेंटरने रंग वाचवायला तिला नखशिखांत पांढरीच सोडली होती. तीही गेली. हिरव्या फॉर्मवर वांग्या-केळ्यांची टोपली तेवढी अधांतरी राहिली.

“बाई हवी म्हणजे हवी,” चेअरमन म्हणाले. “आपल्या बायकांनी डोक्यावर टोपल्या वाहिल्या म्हणून ही संस्था उभी राहिली. बाईशिवाय संस्थेला शोभा आहे का?” आणि त्याच दमात त्यांनी खिशातून एक कागद काढला. “हां, आणि एवढी नावं काढून टाक. नवा नियम झालाय. सातबारा ज्याच्या नावावर, तोच सभासद.”

सेलिनने नावं वाचली. फ्लॉसी, जुलियाना, टिफनीची सासू. एकूण एक बायका. आणि मधेच हेलन. तिची आई.

तिची कानशिलं तापली. बाप गेल्यावर गावच्या रीतीप्रमाणे वाडी थोरल्या भावाच्या, मार्सेलच्या नावावर झाली, हेलनने हक्कसोडीवर मुकाट सही केली होती. मार्सेल बसलाय कुवेतला. वाडीत राबते हेलन, पहाटे संस्थेच्या टेम्पोत टोपली चढवते हेलन. आता सभेत बोलायचा हक्क कुणाला, तर ज्याने दहा वर्षांत केळीचं पानही तोडलं नाही त्याला. आणि टेम्पोत माल सभासदाचाच, म्हणून टोपली चढवायला हेलनने त्याच्या सहीची चिठ्ठी आणायची!

“काका, बाई परत आणायची म्हणता ना?” सेलिन म्हणाली. “कुठली? चित्रातली, की यादीतली?”

“जीभ आवर. तुझी आई ब्र काढत नाही आणि तू कशाला थयथयाट करतेस?”

हे मात्र खरं होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. तशीच तणतणत ती वाडीत गेली. हेलन अळूच्या वाफ्यात वाकली होती.

“आय, तुझं नाव काढतायत ते.”

“ऐकलंय मी.”

“नुसतं ऐकलंस? तुला राग येत नाय? दगड आहेस का तू?”

“तू तुझं काम कर बाय,” हेलन म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडे वळली.

सेलिनला वाटलं, टोपली उचलावी आणि विहिरीत फेकावी. रागारागाने तिने काम मात्र केलं. चित्रातल्या बाईच्या अंगात पांढऱ्याहून किंचित निराळा पांढरा भरला. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, कॉम्प्युटरला कळत होता. चौकोन गेला, बाई राहिली. नावांना तिने हात लावला नाही. ती चेअरमननी स्वतः, एका बोटाने टकटक करत काढली.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये उद्घाटन झालं. मोठा पडदा लावला होता, त्यावर हिरवा फॉर्म, आणि वर बाई कशी ठसठशीत. चेअरमनना कंठ फुटला. “ही बाई म्हणजे आपली माय! हिच्यामुळे आपण!” टाळ्या पडल्या. “आणि म्हणून आज कॉम्प्युटरचं बटन दाबायचा मान आपल्या सगळ्यात ज्येष्ठ कष्टकरी भगिनीला, हेलनमावशीला!”

ठेवणीतलं लाल लुगडं सावरत हेलन उठली. सेलिनचं रक्त खवळलं. चालली बघा! नाव पुसलं त्यांनी, आणि ही निघाली त्यांच्या फोटोत उभी राहायला. असली कसली गरीब गाय! तिने मान फिरवली, बघवेना तिला.

हेलन कॉम्प्युटरपुढे जाऊन उभी राहिली. चेअरमननी माइक तिच्यापुढे धरला. “मावशी, काही घाबरू नका. नुसतं हे बटन दाबायचं.”

हेलनने बटनाकडे पाहिलं, फादरकडे पाहिलं, मग दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“मी सभासद नाय, ॲन्सेल्म,” ती माइकमध्ये म्हणाली. “बटन दाबायला तुझ्या त्या चित्रातल्या बाईला सांग. आणि उद्या पहाटे टेम्पोत टोपल्या चढवायला पन तिलाच बोलव.”