पाच प्रती

लेकीच्या प्रबंधाची बांधणी मीच करायची, हे केव्हाच ठरलं होतं. राजकीय तत्त्वज्ञांनी आजवर कष्टकऱ्यांना कुठे बसवलं, हा तिचा विषय. रोज ती प्रकरणं वाचून दाखवायची आणि सातवी नापास मी पुस्तकं शिवता शिवता तिच्याशी कचाकचा भांडायचे. “आई, तूच माझी गाईड हवी होतीस,” म्हणायची. आज तिचे खरे गाईड तिच्याबरोबर माझ्या बाइंडिंगच्या दुकानात आले. खळीचे हात पुसत मी उठले, तोच ती म्हणाली, “मावशी, पाच प्रती हव्यात. उद्यापर्यंत होतील ना?” सर पानं चाळत म्हणाले, “चौथं प्रकरण अफलातून हं! कुठे सुचलं गं हे?” सगळं माझ्याच तोंडचं होतं. “वाचनातून, सर.” मी पेन्सिल घेतली. “पुठ्ठ्यावर नाव काय घालू, मॅडम?” मी ठेवलेलं नाव तिने मला एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.