सात सेकंदांची शांतता

"पुन्हा लाव," कुंदूझ म्हणाली.

एदिलने तेच रेकॉर्डिंग एकोणिसाव्यांदा लावलं. आधी अ‍ॅपचा गोड आवाज : 'रुग्णाचं नाव सांगा.' मग काहीच नाही. लांब कुठेतरी गाय हंबरली. पेल्यात चहा ओतल्याचा आवाज झाला. कोणीतरी श्वास घेतला, बस्स. सात सेकंद संपले आणि पुन्हा तोच गोड आवाज : 'आवाज आला नाही.'

"माईक बिघडलाय," एदिल म्हणाला.

"बिघडलेल्या माईकला गाय बरी ऐकू येते रे, मिरझा?"

एदिलने रेकॉर्डिंग बंद केलं. कुंदूझच्या मोठ्या दिराचं नावही एदिलच. त्यामुळे लग्न झाल्या दिवसापासून शेजारच्या खुर्चीतला हा एदिल तिच्यासाठी 'मिरझा' झाला होता. सुरुवातीला त्याने तिला पुष्कळ छळलं. "चार वर्षं नावाने हाका मारत होतीस, आता एकदम सरदार कसा झालो मी?" मग त्याच्याही ते अंगवळणी पडलं.

ह्या दोघांनी बनवलेलं अ‍ॅप होतं नारीन प्रांताच्या डोंगरातल्या गावांसाठी. तिथे डॉक्टरची गाडी आठवड्यातून एकदाच यायची आणि यादीत नाव असेल त्यालाच तपासायची. "टाइप करायला लावू नका, घरच्यांची नावं बायकाच नोंदवतात आणि त्यांचे हात कणकेत असतात. नाव बोलून घ्या," हा हट्ट कुंदूझचा. ती सगळ्यांशी भांडली होती त्यासाठी. आता नेमकं तिने आखलेल्याच स्क्रीनवर घोडं अडलं होतं आणि गावातले म्हातारे बिनतपासणीचे राहत होते. आरोग्य केंद्राच्या प्रमुख गुल्बारा एजे, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताई, स्वतः राजधानी बिश्केकच्या ऑफिसात येऊन बजावून गेल्या होत्या, "सोमवारपर्यंत बघते. नाही तर अ‍ॅप बंद. माझी जुनी वही बरी, ती निदान बहिरी तरी नव्हती."

एक्केचाळीस नोंदी कोऱ्या होत्या. मुलांची नावं नीट नोंदली जात. बायकांची स्वतःची नावंही नोंदली जात. कोरी राहत ती बहुतेक साठीपुढच्या पुरुषांची, आणि तीही सगळ्यांची नाही. म्हाताऱ्याने स्वतः फोन हातात घेतला की सगळं सुरळीत. एका रेकॉर्डिंगमध्ये तर कोणी बाई हलकेच हसल्यासारखी वाटत होती. हसायला काय झालं असेल, ते काही कळेना.

"जुनी नावं लांबलचक असतात. यंत्राला कळत नसतील," एदिलने आणखी एक तर्क काढला.

"कळायला आधी कानावर पडायला नकोत?"

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! कुंदूझने गावात चालतो तसला स्वस्तातला फोन विकत आणला. त्यावर आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, तिन्ही मामांचं सांगितलं. सगळी नावं टकाटक उमटली. एदिलने आपलं नाव दोनशे वेळा घेतलं. "माझ्या फोनवर तर चालतंय," हे वाक्य दोघांनी इतक्यांदा म्हटलं की त्याचीच शिसारी यायला लागली. दोष आहे हे दिसत होतं, पण तो हाताला लागेना. कुंदूझच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपल्या हट्टापायी कोणाचा तरी बाप दुखणं अंगावर काढतोय, हे तिला सहन होत नव्हतं.

शनिवारी ती तो स्वस्तातला फोन घेऊन नारीनमधल्या कोचकोर गावी सासरी गेली. सासऱ्यांचा गुडघा सुजला होता. ते पाय लांब करून भिंतीला टेकून बसले होते. सुनेच्या रिवाजाप्रमाणे तिने किटली हाती घेतली आणि सगळ्यांना चहा दिला. नवरा बाजारात गेला होता.

"बुधवारी डॉक्टरची गाडी येतेय," सासूबाई म्हणाल्या. "घाल की ह्यांना तुझ्या त्या यंत्रात."

कुंदूझला हुरूप आला. खरा रुग्ण, खरं गाव, खरं रडकं नेटवर्क. आता कुठे जाईल हा दोष! तिने बटण दाबलं.

'रुग्णाचं नाव सांगा.'

तिने तोंड उघडलं. सासरे समोरच बसून कौतुकाने बघत होते. नाव तिला पाठ होतं, कागदोपत्री शंभरदा वाचलेलं होतं. जीभ मात्र टाळ्याला चिकटली ती सुटेना. अंगणात गाय हंबरली. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने किटली उचलली आणि समोरच्या पेल्यात चहा ओतला.

'आवाज आला नाही.'

"बोल की गं बाळा," सासरे म्हणाले. "यंत्राला काय लाजायचं?"

तिने आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी लगबगीने तळलेल्या बोरसोकचं ताट पुढे सरकवलं. "माझ्याकडे नको बघूस बाई. चाळीस वर्षांत मी ह्यांचं नाव नाही घेतलं."

कुंदूझला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. ती तशीच अनवाणी अंगणात धावली आणि तिने एदिलला फोन लावला.

"मिरझा, सापडलं!"

"काय? माईक?"

"माईक ठणठणीत आहे रे. आपला प्रश्नच चुकलाय."

"कुठला प्रश्न? तू काय बोलतेयस, मला काहीच कळत नाहीये."

"एवढंच सांग. मी तुला मिरझा का म्हणते?"

पलीकडून सात सेकंद काहीच आवाज आला नाही.