शेवटच्या वळणावरची फळी

डेट्रॉइटच्या त्या हॉलमधला जुना लाकडी ट्रॅक मोडायला काढला, तेव्हा एकेकाळचे धावपटू आठवण म्हणून एकेक फळी न्यायला आले. ज्याला त्याला शर्यत संपते तिथलीच हवी.

"लॉयडकाका, रेषेजवळची एक तुमच्यासाठी लपवून ठेवलीय," सुतार डेल म्हणाला.

लॉयड ऐकून न ऐकल्यासारखा चालत राहिला. शेवटच्या वळणावर, रेषेच्या वीसेक पावलं अलीकडे तो थांबला. गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि एका फळीवरून तळवा फिरवत राहिला.

"ही दे."

"ही? अहो, हिच्यावर कुणीच कधी काही जिंकलं नाही."

"सदुसष्ट साली, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, मैलाच्या शर्यतीत," लॉयड म्हणाला, "इथपर्यंत मी पहिला होतो."